राग पुन्हा उसळला म्हणून मंडळी (चर्च) सोडू नकोस

भाऊ, बाप्तिस्म्याला तीन महिने झाले, घरात पुन्हा आरडाओरडा झाला, म्हणून तू रविवारी आला नाहीस. माझं तंबाखूचं असंच होतं. दर नाताळला शपथ, होळीच्या आत पुडी परत खिशात.

बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा 7वा अध्याय वाच. ते पत्र लिहिणारा पौलासारखा माणूस म्हणतो, जे नको तेच माझ्या हातून होतं. मग 8व्यात पवित्र आत्मा येतो. 13वं वचन नीट बघ: देहाची कर्मं, म्हणजे जुन्या वाईट सवयी, मारायची आपणच, पण आत्म्याच्या बळावर. नुसतं हात जोडून बसणं नव्हे, दातओठ खाणंही नव्हे.

योहान 15मध्ये येशू म्हणतो, मी द्राक्षवेल, तुम्ही फांद्या, माझ्यात राहा. द्राक्षवेल आपल्या जळगावकडे कमी. तू केळीचंच बघ. ठिबक रोज लागतं. मे महिन्यात पानं करपल्यावर एकदम पाट सोडून काय उपयोग? प्रार्थनेचं तसंच. पहाटे मोटार सुरू करायला जातोस ना, तिथेच दोन मिनिटं बोल. अहिराणीत बोललास तरी चालतं.

पडलास तर त्याच दिवशी कबूल कर, देवाजवळ आणि वहिनींजवळही. (मला हे दुसरं जास्त जड गेलं.)

येत्या रविवारी ये. मागच्या बाकावर बस हवं तर.