मेनफ्रेम आणि ओपन सिस्टिम्समध्ये नेमका फरक काय? मेनफ्रेमला गेलो तर अडकून पडेन का?

तुम्ही लातूरचे, एमसीए झालेले. पुण्यातल्या कंपनीनं मेनफ्रेमच्या बॅचला टाकलंय, मित्र मात्र जावा-लिनक्सवर गेलेत आणि तुमचा जीव खालीवर होतोय, असा प्रश्न दिसतो. मी परभणीचा, याच कामात आहे आणि सध्या गावाकडूनच काम करतो.

मेनफ्रेम, म्हणजे बँकांसारख्यांचे प्रचंड व्यवहार पेलणारा मोठा संगणक, हे भंगारात काढायचं यंत्र आहे, हे आधी डोक्यातून काढा. आयबीएमनं सिस्टिम/३६० जाहीर केली १९६४ साली. त्या काळचे प्रोग्रॅम आजही बरेचसे तसेच चालतात, पण खालचं यंत्र दर काही वर्षांनी नवं येतं. २०२२च्या झेड-१६ मध्ये एआयची सोय थेट प्रोसेसरच्या चिपवरच आहे. तसंच ओपन सिस्टिम (युनिक्स, लिनक्स वगैरे) म्हणजे फुकटची सिस्टिम नव्हे, आयबीएमच्याच एआयएक्स या युनिक्सला पैसे मोजावेच लागतात. युनिक्सच्या घराण्यातल्या सिस्टिम्स पॉझिक्ससारख्या सामायिक प्रमाणांवर (स्टँडर्डवर) चालतात, म्हणून एका कंपनीच्या यंत्रावरचा सोर्स कोड थोड्या खटपटीनं दुसरीच्या यंत्रावर कंपाइल होतो, इतकंच.

खरा फरक कामाच्या वाटणीत आहे. आपल्या मोंढ्यात अडत्या पोती उचलत नाही की काट्यावर बसत नाही. ते हमाल-मापाडी बघतात, तो भाव आणि हिशोब बघतो. मेनफ्रेमचा मुख्य प्रोसेसर तसाच. डिस्क आणि टेपची ये-जा चॅनल सबसिस्टिमचे वेगळे प्रोसेसर सांभाळतात. साध्या सर्व्हरमध्येही अशी वाटणी थोडीफार असते, पण इतकी काटेकोर नसते. म्हणून मोठमोठ्या बँका रात्रीची बॅच (दिवसभराच्या व्यवहारांचं एकगठ्ठा काम) अजून इथंच चालवतात.

दुसरा फरक फाइलचा, आणि रोजची डोकेदुखी हीच. युनिक्सला फाइल म्हणजे बाइटांची सलग रांग. मेनफ्रेमवर डेटासेट (तिथली फाइल) बनवतानाच सांगावं लागतं की रेकॉर्ड ८० बाइटांचं की १३३, जागा किती सिलिंडर (डिस्कवरची जागा मोजायचं माप). (८० हा आकडा पंचकार्डाच्या रकान्यांचा.) जागा कमी सांगितली की जॉब (यंत्राला दिलेलं काम) अर्ध्यात बी-३७ ही जागा संपल्याची चूक देऊन पडतो. त्यात प्रत्येक अक्षराला कोणता कोड द्यायचा याची पद्धतही वेगळी: मेनफ्रेमवर एब्सिडिक, बाकी जगात अॅस्की. एब्सिडिकच्या क्रमात अक्षरं आधी आणि आकडे नंतर, अॅस्कीत बरोबर उलटं. लिनक्सवर सॉर्ट केलेली फाइल तशीच मेनफ्रेमच्या मॅचिंग प्रोग्रॅमला दिली की तो गोंधळलाच म्हणून समजा.

याहून वाईट म्हणजे कॉम्प-३, कोबोल भाषेतली एका बाइटात दोन आकडे दाटून बसवायची पद्धत. १२,३४५ ही रक्कम त्यात तीन बाइटांत बसते: १२, ३४, ५सी. शेवटचा सी म्हणजे अधिक चिन्ह. ही फाइल कुणी टेक्स्ट समजून सीपी-०३७ (एब्सिडिकचा एक प्रकार) मधून लॅटिन-१ (अॅस्कीचा विस्तार) मध्ये बदलली, तर १२ तसाच राहतो, ३४चा ९४ होतो आणि ५सी ही एब्सिडिकमधली चांदणी असल्यानं तिचा २ए होतो. रक्कम झाली १२,९४२! ‘ए’ हेही अधिकाचंच चिन्ह धरलं जातं, त्यामुळे जॉबही पडत नाही. एस-झिरो-सी-सेव्हन (आकड्याच्या जागी भलतंच काही आल्याची चूक) देऊन पडला असता तर बरं, निदान रात्रीच कळलं असतं. अशा फाइली बायनरीतच पाठवायच्या आणि कॉपीबुक (रेकॉर्डमध्ये कुठे काय आहे याचा आराखडा) समोर ठेवून उलगडायच्या.

एक सुख मात्र मेनफ्रेमचंच. आमच्याकडे उन्हाळ्यात लाईट कधी जाईल सांगता येत नाही. सबमिट केलेला जॉब जेईएस या जॉब सांभाळणाऱ्या यंत्रणेच्या रांगेत असतो, माझं सेशन राहिलं काय नि गेलं काय, त्याला फरक पडत नाही. लिनक्सवर शेलमधून सरळ सुरू केलेलं काम कनेक्शन तुटलं की सहसा मरतं, तिथं नोहप किंवा स्क्रीन या काम चालू ठेवणाऱ्या कमांडची आठवण ठेवावी लागते.

आता तुमच्यापुरतं. कोबोल, जॉब लिहायची जेसीएल, डीबी२ हा डेटाबेस ते शिकवतीलच. झेड/ओएस या मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोटातच युनिक्स आहे, त्याला यूएसएस म्हणतात. ते शिकवत नसतील तर मागून घ्या, आणि लॅपटॉपवर लिनक्स टाका. मेनफ्रेमवरून डेटा बाहेर काढायच्या प्रोजेक्टमध्ये दोन्हीकडची फाइल वाचता येणारा माणूस लागतोच. तरीही बॅच बदलायचीच असेल तर ट्रेनिंग संपायच्या आत एचआरला मेल टाका. एकदा प्रोजेक्टवर बिलिंग सुरू झालं की मॅनेजर सहजासहजी सोडत नाही.