सिस्टिम अ‍ॅडमिनच्या नोकरीत छंद जपायला वेळ मिळतो का?

प्रश्न असा आहे: "नेटवर्किंगचा कोर्स केलाय. नवी मुंबईत एका कंपनीत सिस्टिम अ‍ॅडमिनची नोकरी मिळते आहे. या कामात स्वतःचे छंद जपायला वेळ मिळतो का? आणि आधी कोणतं सर्टिफिकेशन करावं?"

वेळ मिळतो. मात्र 'जमेल तेव्हा करू' अशा छंदाला मिळत नाही. घरी बसून वाचन, जुनी रेडिओ दुरुस्ती, सवडीने चित्र काढणं हे सगळं या नोकरीत आधी मरतं, कारण ते उद्यावर ढकलता येतं. ज्याची वेळ आपल्या हातात नाही तोच छंद टिकतो. माझ्याबरोबर कामाला असलेला एक जण ठाण्यात तबला शिकतो. त्याचे गुरुजी शिकवणी सुरू झाली की उशिरा आलेल्याला आत घेत नाहीत, म्हणून त्याचा तबला टिकला. माझं रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघणं टिकलं ते भरती-ओहोटीमुळे.

मी राहतो कळव्याला. हिवाळा सरता सरता ठाणे खाडीत रोहित जमले की रविवारी सकाळी ऐरोलीला जातो. तिथे कांदळवन कक्षाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे, बोट तिथूनच सुटते. २०१५ साली खाडीचा हा भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ साली महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेला. बोट कधी सुटणार हे खाडीचं पाणी ठरवतं. पाणी फार उतरलं तर बोट चालत नाही, भरपूर असलं तर चिखल दिसत नाही आणि चिखल नसला की पक्षी नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळीत जाऊन उभे राहतात. मधला तास-दीड तास पकडावा लागतो. दुसऱ्या दिवशी तीच वेळ साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. पुढच्या रविवारी तर गणित पार बदललेलं असतं.

हे गणित आमच्या आजोबांच्या पिढीला तोंडपाठ होतं. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. षष्ठी असेल तर साडेचार. त्यात सहा तास मिळवले की साडेदहाला पूर्ण ओहोटी. खाडीत इतक्या आत पाणी चढायला-उतरायला थोडा उशीर होतो तो धरायचा. म्हणजे षष्ठीच्या सकाळी आठच्या सुमाराला बोटीत बसलं की पाणीही पुरतं आणि चिखलही उघडा पडायला लागतो. अ‍ॅपवर नेमकी वेळ मिळते, पण कॅलेंडर बघून आधीच्या आठवड्यात बेत आखायला ही पाऊणपट पुरेशी आहे.

अशाच एका षष्ठीच्या रविवारी मी जेट्टीवर उभा होतो आणि आमच्या ज्युनियरचा फोन आला. तेव्हा मी रबाळे एमआयडीसीतल्या एका कंपनीत होतो. गोदामाची रविवारची पाळी आठला सुरू व्हायची आणि त्या दिवशी सपोर्टला ती होती. "सर, कोणाचंच नीट चालत नाहीये. काहींचं लॉगिन होत नाही, ज्यांचं होतंय त्यांना शेअर्ड फोल्डर उघडत नाहीये. डिस्पॅचवाले डोक्यावर बसलेत."

मी विचारलं, रात्री लाइट गेली होती का? गेली होती म्हणाली. एकच्या सुमाराला यूपीएस संपला, पाचला लाइट आली, सर्व्हर आपोआप चालू झाले. मी म्हटलं, "अगं, भिंतीवरचं घड्याळ बघ आणि सर्व्हरचं बघ."

थोडा वेळ शांतता. मग म्हणाली, "सर, भिंतीवर आठ. सर्व्हरवर चार वाजलेत."

"मी लिहिलेल्या सूचनांच्या वहीत 'वेळ' असं पान आहे. ते काढ आणि त्याप्रमाणे कर. लिफाफा तिजोरीत आहे." एवढं बोललो आणि बोटीत बसलो.

त्या पानावर काय होतं ते तुम्हाला नोकरीत लागेल म्हणून सांगतो. विंडोज डोमेनमध्ये, म्हणजे ऑफिसच्या सगळ्या मशीन्स आणि खाती एका जागेवरून सांभाळणाऱ्या व्यवस्थेत, ओळख पटवण्याचं काम कर्बेरॉस नावाची पद्धत करते आणि मशीन व डोमेन कंट्रोलर (त्या व्यवस्थेचा मुख्य सर्व्हर) यांच्या घड्याळांत पाच मिनिटांपर्यंतचाच फरक ती खपवून घेते. ही मूळ सेटिंग आहे. आमचा डोमेन कंट्रोलर व्हर्च्युअल होता, म्हणजे दुसऱ्या एका खऱ्या मशीनच्या, होस्टच्या, आत चालणारा. आधीच्या व्हेंडरने त्याला होस्टकडून वेळ घ्यायला लावलं होतं आणि होस्टला स्वतःला डोमेनमध्ये घालून कंट्रोलरकडून वेळ घ्यायला लावलं होतं. दोघं एकमेकांनाच वेळ विचारणार, बाहेर कोणालाच नाही. लाइट असेपर्यंत हे कळत नाही. होस्टच्या मदरबोर्डवरची नाण्याएवढी सीआर २०३२ बॅटरी संपत आली की मशीन बंद असताना घड्याळ थांबतं, आणि चालू झाल्यावर थांबल्या जागेवरून पुढे चालतं. म्हणून चार तास बंद, चार तास मागे. लोकांचे पीसी रात्री बंद होते, त्यांची घड्याळं बरोबर होती. बरोबर असलेल्यांनाच दार उघडेना.

उपाय सोपा, पण क्रम चुकला तर फुकट. आधी त्या व्हर्च्युअल मशीनच्या इंटिग्रेशन सर्व्हिसेसमधलं टाइम सिंक्रोनायझेशन, म्हणजे होस्टकडून वेळ घेणं, बंद करायचं. ते न करता घड्याळ नुसतं हाताने पुढे केलं तर होस्ट ते परत मागे ओढतो. मग ज्या कंट्रोलरकडे पीडीसी एम्युलेटरची, म्हणजे डोमेनला वेळ देण्याची, भूमिका आहे त्याला बाहेरचा एनटीपी सर्व्हर (नेटवर्कवरून वेळ सांगणारा) द्यायचा, वेळ जुळली का बघायचं, डब्ल्यू ३२ टीएम या कमांडने 'सोर्स', म्हणजे वेळ कुठून येते ते, विचारून खात्री करायची आणि मग होस्ट व बाकीच्यांना रीसिंक करायचं. 'सोर्स'ला 'लोकल सीमॉस क्लॉक', म्हणजे मशीनचं स्वतःचंच घड्याळ, असं उत्तर आलं तर काम झालेलं नाही. लिफाफ्यात होस्टचा लोकल अ‍ॅडमिन पासवर्ड होता, कारण डोमेनच आजारी असताना डोमेनचं खातं काय कामाचं.

तिने हे सगळं एकटीने केलं. मला परत फोन नाही, फक्त मेसेज आला: "झालं सर. डिस्पॅच सुरू." तेव्हा बोट पार आत होती. उजव्या हाताला चिखलाचा लांब पट्टा उघडा पडला होता आणि त्यावर छोटे रोहित. ते खातात कसे हे जवळून बघण्यासारखं आहे. मान खाली घालून चोच चक्क उलटी धरतात, वरची बाजू खाली, आणि तशीच डावी-उजवीकडे फिरवत चिखलपाण्यातलं शेवाळ गाळून घेतात. त्यांच्यात एखादा मोठा रोहित असला की लगेच कळतो, उंच, अंगाने फिका, चोच गुलाबी आणि फक्त टोक काळं. छोट्याची चोच जवळजवळ सगळीच गडद. बोटवाल्याने इंजिन बंद केलं होतं.

सोमवारी साहेबांनी बोलावलं. "सर्व्हर पडलाय आणि तुम्ही पक्षी बघताय?" डिस्पॅच सुरू कोणी केलं, किती वेळात केलं, हे विचारलं नाही. पुढे अप्रेझलमध्ये माझ्या नावापुढे 'उपलब्धता कमी' असा शेरा आला. मी तो मान्य केला नाही आणि आजही करत नाही.

बॅटरी बदला आणि वेळेची सेटिंग सुधारा, हे मी त्याच्या कितीतरी आधी मेलवर मागितलं होतं. होस्ट अर्धा तास बंद ठेवायला परवानगी हवी होती. "चालतंय ना, मग हात लावू नका" असं उत्तर आलं. म्हणून मी ते पान लिहिलं आणि ज्युनियरला टेस्ट मशीनवर तो क्रम करायला लावला. उपलब्धता म्हणतात ती हीच. मी नसताना गोदाम सुरू झालं. साहेबांना मात्र फोन उचलणारा माणूस हवा होता. काम एका माणसाच्या डोक्यात अडकून राहिलं की त्या माणसाला निष्ठावान म्हणायचं, ही आपल्याकडच्या ऑफिसांतली फार जुनी खोड आहे. असा माणूस आजारी पडला, त्याच्या घरी लग्न निघालं, त्याने नोकरी सोडली की सगळे हवालदिल होतात, आणि तरी पुढच्यालाही तसंच वागवतात. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं होतं, इथे लेखी सांगतो.

वेळेची गोष्ट ऐच्छिक राहिलेलीही नाही. सर्ट-इनने, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने, २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांत सर्व्हरची घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या एनटीपी सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जुळणाऱ्या सर्व्हरशी, जुळवायला सांगितलंय. लॉग (मशीनवर काय घडलं त्याच्या नोंदी) १८० दिवस ठेवायचे हेही त्यातच आहे. मालक 'चालतंय ना' म्हणाला तर हा कागद पुढे ठेवा.

बाकी रोजचे त्रास तुम्हाला माहीत असतील. सोमवारी सकाळी विसरलेले पासवर्ड, अडकलेला प्रिंट स्पूलर, कोणीतरी उघडी ठेवून घरी गेलेली एक्सेल फाइल. महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, म्हणजे आपल्याकडे रात्री, मायक्रोसॉफ्टचे पॅच (दुरुस्त्या) येतात. आले त्या रात्रीच सगळ्यांना लावू नका, आधी चार मशीन्सवर बघा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, तरी जुन्या मशीन्स तशाच वापरणारी ऑफिसं आहेत. मुलाखतीत त्याबद्दल विचारा, म्हणजे येणारे महिने कसे जातील ते कळेल. या त्रासांनी छंद मरत नाहीत. छंद मरतो तो एकट्यावर सगळं टाकल्याने. म्हणून पगार विचारण्याआधी विचारा: मी रजेवर असताना हे काम कोण करणार? उत्तर देताना समोरचा अडखळला तर दुसरी कंपनी बघा.

हे सगळ्यांना लागू नाही. हॉस्पिटल, बँक, डेटा सेंटर इथे ऑन-कॉल असतोच आणि असायलाच हवा. मात्र तो पाळीने असावा, त्याचा भत्ता लेखी असावा. पहिलं वर्षभर तुम्ही फोन उचलाच, कारण शिकायचं असतं आणि अजून तुमची वही तयार नसते. कंपनी इतकी लहान असेल की दुसरा माणूस परवडत नाही, तर बाहेरच्या एखाद्या व्हेंडरशी महिन्याचा करार करून घ्यायला मालकाला सांगा आणि ती वही त्यालाही दाखवा. आणि रोहित बघायला यायचं असेल तर पावसाळ्याच्या आधी या, बोटीचं बुकिंग आधी करा. सुट्टीच्या दिवशी ऐन वेळी जागा मिळणं कठीण जातं.

सर्टिफिकेशनचं विचारलंय. सिस्कोचं सीसीएनए करा. नेटवर्क नीट कळलं तर डीएनएस (नावावरून पत्ता शोधणं), डीएचसीपी (मशीनला पत्ता देणं) आणि वेळ या तिन्ही गोष्टींतले घोळ लवकर सापडतात. लिनक्स घरी जुन्या लॅपटॉपवर शिका, त्याला क्लास लागत नाही. ठाणे स्टेशनबाहेरचे काही क्लास अजून एमसीएसए हे मायक्रोसॉफ्टचं सर्टिफिकेशन करून देतो म्हणाले तर पैसे भरू नका, मायक्रोसॉफ्टने ते जानेवारी २०२१ मध्येच बंद केलंय.