जिवाणूजन्य मर : बॅसिलस मारतो कसा, आणि तुमच्याकडे का मारत नाही

प्रश्न : टोमॅटोत मर दिसल्यावर बॅसिलस सबटिलिस या उपयोगी जिवाणूची आळवणी केली, फरक नाही. दुकानदार म्हणतो डोस दुप्पट करा आणि सोबत स्ट्रेप्टोमायसीन हे प्रतिजैविक टाका. टाकू का?

उत्तर : नाही. दोन्ही नाही.

आधी मर कसली ते बघा. जमिनीलगतच्या खोडाचा तुकडा काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात टेकवून स्थिर धरा. थोड्या मिनिटांत कापातून दुधी धागा खाली उतरला, तर राल्स्टोनिया, म्हणजे मर आणणारा जिवाणू. धागा नसेल तर बहुधा बुरशी. तिचा उपाय वेगळा.

बॅसिलस हा विषाची बाटली नव्हे. मुळावर त्याची वसाहत दाट झाली की तो पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या, सोडू लागतो. सर्फॅक्टिन घ्या : सात अमिनो आम्लांची कडी, तिला मेदाम्लाची शेपटी. शेपटी शत्रूच्या पेशीपटलात घुसते, पटल फाटते, आतले क्षार गळून जातात. सबटिलिन या त्याच्याच दुसऱ्या पेप्टाइडची तऱ्हा निराळी. पेशीभित्तीचा माल वाहणारा लिपिड-२ हा रेणू ते धरून ठेवते. भिंतीचे काम थांबते आणि तिथेच छिद्रही पडते. पण राल्स्टोनिया ग्राम-निगेटिव्ह, त्याला बाहेरून आणखी एक पटल. सबटिलिन तिथेच अडते. बॅसिलसचा नातलग पीनिबॅसिलस पॉलिमिक्सा, त्याचे पॉलिमिक्सिन धनभारामुळे अनेक ग्राम-निगेटिव्ह जिवाणूंच्या या बाहेरच्या पटलाला चिकटते आणि ते मोडते; पण राल्स्टोनिया त्यालाही दाद देत नाही. म्हणून लेबलवर नुसते ‘बॅसिलस’ पुरत नाही. स्ट्रेन (जिवाणूचा नेमका वाण), ग्रॅमला किमान १० कोटी जिवंत पेशी आणि मुदत बघूनच घ्या.

हे पेप्टाइड मातीत लांब जात नाहीत. चिकणमातीला चिकटतात, विकरांनी तुटतात. मार मुळालगतच. राल्स्टोनिया एकदा खोडाच्या जलवाहिनीत शिरून चिकट स्रावाने ती तुंबवू लागला, की बाहेरचा बॅसिलस काही करू शकत नाही. सुकलेले झाड वाचत नाही. उपटा, शेताबाहेर न्या, त्या वाफ्याचे पाणी पुढे सोडू नका.

डोस दुप्पट केल्याने मुळावरची जागा आणि खाद्य दुप्पट होत नाही. जादा पेशी उपाशी राहून बीजाणू बनून पडतात. स्ट्रेप्टोमायसीन तर पहिल्यांदा तुमचा बॅसिलसच मारते, आणि जमिनीत प्रतिकारक जिवाणू मागे ठेवते. ताम्रयुक्त औषधही त्याच टाकीत नको. दुकानात ‘पेप्टाइड’ म्हणून मिळणारी बाटली बहुतेक वेळा प्रथिनांचे विघटन केलेले पोषक असते. त्याने रोग मरत नाही. पुन्हा सांगतो : मरत नाही. गूळ घालून टाकीत ‘वाढवायच्या’ सल्ल्यालाही बळी पडू नका. उघड्या टाकीत बॅसिलस कमी, भलतेच जिवाणू जास्त वाढतात.

माझा भर एकाच गोष्टीवर : रोपप्रक्रिया. लिटरला १० ग्रॅम भुकटी घेऊन पुनर्लागवडीआधी मुळे अर्धा तास बुडवा. नळाचे क्लोरीनचे पाणी रात्रभर उघडे ठेवून मगच वापरा. बियाण्याला किलोला १० ग्रॅम. जमिनीत हेक्टरी २.५ किलो, ५० किलो पूर्ण कुजलेल्या शेणखतात मिसळून, संध्याकाळी, ओलीवर. दुपारच्या उन्हात टाकलेला बॅसिलस वाया. मर येऊन गेलेल्या रानात पुढच्या हंगामात टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा काही नको; मका किंवा ज्वारी घ्या.