इलेक्ट्रिक कार बुक केल्यावर कंपनीने व्हेरिएंट बंद केलं आणि किंमत वाढवली. बुकिंग ठेवावं की रद्द करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आठ महिन्यांपूर्वी २१,००० रुपये भरून तुम्ही इलेक्ट्रिक कारचं मधलं व्हेरिएंट बुक केलं. आता शोरूमवाले म्हणतात ते व्हेरिएंट बंद झालं, वरचं घ्या, ६०,००० रुपये जास्त लागतील. कंपनीला असं करता येतं का, आणि बुकिंग रद्द करावं का?

मी सांगलीत एका सहकारी बँकेत वाहनकर्जाचं काम बघतो. दिवसभर कोटेशन, प्रोफॉर्मा, विमा आणि आरटीओचे कागद हाताखालून जात असतात. शिवाय २०२२ मध्ये माझ्या घरीच हे घडलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी सरळ उत्तर देतो. बुकिंगच्या पावतीने किंमत बांधली जात नाही. बहुतेक बुकिंग फॉर्मवर खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की बिल होईल त्या दिवशीची किंमत लागू राहील आणि कंपनी पूर्वसूचना न देता किंमत आणि वैशिष्ट्यं बदलू शकते. त्याखाली आपली सही असते. त्यामुळे शोरूममध्ये जाऊन "जुन्याच किमतीला द्या" म्हणून कितीही भांडलात तरी समोरचा सेल्समन काही करू शकत नाही, त्याच्या हातात ते नसतंच. बिलाच्या तारखेचा हा नियम कधी आपल्या बाजूनेही वळतो. २२ सप्टेंबर २०२५ ला छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा ऑगस्टमध्ये बुक केलेल्यांनी डिलिव्हरी पुढे ढकलून तो फायदा घेतला. इलेक्ट्रिक गाड्यांवर २०१९ पासून ५ टक्केच आहे, तिथे असा दिलासा मिळाला नाही.

पण तुमच्या बाबतीत दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात. किंमत वाढणं ही एक आणि जी वस्तू बुक केली तीच नाहीशी होणं ही दुसरी. पहिलीबद्दल फॉर्मवर लिहिलेलं असतं. दुसरीत तुमचं म्हणणं बरंच भक्कम आहे, आणि लोक नेमकं त्याबद्दलच बोलत नाहीत. सगळा वाद ६०,००० वरच अडकतो.

माझ्या घरचं सांगतो. कंपनीचं नाव लिहीत नाही. आईला दर तीन महिन्यांनी पुण्याला डॉक्टरांकडे न्यावं लागतं. ती मागे बसते. उन्हाळ्यात पुढचा गारवा मागे पोचेपर्यंत कऱ्हाड येतं आणि तोवर तिचा जीव कासावीस झालेला असतो. म्हणून मागच्या सीटला एसीचे व्हेंट असलेलं मधलं व्हेरिएंट आम्ही मार्च २०२२ मध्ये बुक केलं. टॉप मॉडेलचं सनरूफ आम्हाला नकोच होतं. सात महिने थांबलो. त्या सात महिन्यांत जुन्या गाडीचा क्लच बदलला, तिचा विमा पुन्हा भरला आणि दुसरी एकही गाडी बघायला गेलो नाही, कारण आपली गाडी ठरलेली आहे असंच घरात सगळ्यांनी धरलं होतं.

ऑक्टोबरमध्ये फोन आला, गाडी अलॉट झाली म्हणून. शोरूमला गेलो तर टेबलावर नवं ब्रोशर. व्हेरिएंटचं नाव तेच. किंमत ३५,००० ने वाढलेली, पण थोडं वाढणार हे मी मनाशी धरूनच गेलो होतो. वैशिष्ट्यांचा तक्ता बोटाने वरून खाली वाचत आलो. मागच्या एसी व्हेंटच्या ओळीत आमच्या रकान्यात आधी बरोबरची खूण होती, तिथे आता आडवी रेघ होती. तीन ओळी खाली घरी लावायचा चार्जर. पूर्वी तो गाडीबरोबर मिळायचा, आता त्यापुढे 'ऐच्छिक' असं छापलेलं. सेल्समनला विचारलं तर त्याने माझ्या हातातून ब्रोशर घेतलं आणि दोनदा वाचलं. त्यालाही कुणी सांगितलेलं नव्हतं. खरं सांगतो, त्या ३५,००० पेक्षा ती आडवी रेघ मला जास्त लागली. घरी येऊन आईला सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "मग आपण इतके दिवस कशाची वाट बघत होतो?"

तुमचा राग योग्य आहे असं मी म्हणतो ते यामुळेच. ग्राहक फक्त २१,००० अडकवत नाही, तो आठ महिने दुसरीकडे बघणं सोडून देतो. आणि कंपनी हेच बुकिंगचे आकडे जाहिरातीत छापते, गुंतवणूकदारांना दाखवते.

कंपन्या सांगतात ते कारण अगदीच खोटं नसतं, हेही मान्य करायला हवं. बॅटरीला लागणारं लिथियम कार्बोनेट २०२१ च्या सुरुवातीला चीनमध्ये टनाला ५०-६० हजार युआनच्या आसपास होतं, नोव्हेंबर २०२२ मध्ये ते सहा लाखांच्या जवळ गेलं. जवळपास दहापट. गाडीच्या किमतीत सगळ्यात मोठा वाटा बॅटरीचा, त्यामुळे झळ बसणारच. पण पुढे लिथियम कोसळलं तेव्हा आधीच जास्त पैसे भरून गाडी घेतलेल्यांना कुणी फरक परत दिला नाही. माझं स्पष्ट मत आहे की रांगेत आधीच उभ्या असलेल्यांचा बोजा कंपनीने उचलावा आणि वाढीव किंमत नव्या बुकिंगला लावावी.

हे जमत नाही असं कुणी म्हणालं तर अमेरिकेतल्या रिव्हियन कंपनीचं उदाहरण समोर आहे. त्यांचा आर-१-टी हा इलेक्ट्रिक पिकअप आणि आर-१-एस ही एसयूव्ही लोकांनी १,००० डॉलर भरून बुक केली होती, काहींनी तर काही वर्षं आधी. १ मार्च २०२२ ला कंपनीने किमती वाढवल्या. पिकअप ६७,५०० वरून ७९,५०० डॉलर, एसयूव्ही ७०,००० वरून ८४,५०० डॉलर. आणि हे आधी बुक केलेल्यांनाही लागू. जुन्या किमतीच्या आसपास गाडी हवी असेल तर चारऐवजी दोन मोटरची घ्या, पण ती २०२४ मध्ये मिळेल, असा पर्याय दिला. म्हणजे तुम्हाला सांगताहेत त्याचंच उलटं रूप: तुम्हाला वर ढकलताहेत, त्यांना खाली ढकललं. लोक इतके चिडले की धडाधड बुकिंगं रद्द झाली. तिसऱ्या दिवशी, ३ मार्चला, कंपनीचे प्रमुख आर. जे. स्कॅरिंज यांनी पत्र लिहून चूक कबूल केली. १ मार्चपर्यंत बुक केलेल्या सगळ्यांना जुनी किंमत मिळाली, आणि रागाच्या भरात ज्यांनी रद्द केलं होतं त्यांनाही तीच गाडी, तीच किंमत आणि रांगेतली जुनी जागा परत घेता आली. प्रकरण तिथेही थांबलं नाही. कच्च्या मालाचा खर्च किमतीपेक्षा जास्त आहे हे शेअर विक्रीच्या वेळी लपवलं, असा दावा भागधारकांनी लावला. आरोप मान्य न करता २५ कोटी डॉलर देऊन तो मिटवायचं कंपनीने २०२५ मध्ये ठरवलं.

टेस्लाच्या सायबरट्रकचं याच्या उलट झालं. २०१९ मध्ये १०० डॉलरला बुकिंग घेताना किंमत ३९,९०० डॉलरपासून सांगितली होती आणि सगळ्यात महाग मॉडेलला ५०० मैलांवर पल्ला. नोव्हेंबर २०२३ मध्ये गाडी आली तेव्हा सगळ्यात स्वस्त मॉडेल ६०,९९० ला जाहीर झालं आणि सगळ्यात लांब जाणारं ३४० मैलांवर थांबलं. जुनी किंमत कुणालाच मिळाली नाही.

आपल्याकडे नीट केलेलं एक उदाहरण मला आठवतं. टाटांनी सप्टेंबर २०२२ मध्ये टियागो ईव्ही आणली तेव्हा ८.४९ लाख ही किंमत पहिल्या १०,००० ग्राहकांसाठीच आहे हे पहिल्या दिवशीच सांगितलं. बुकिंग उघडलं आणि दिवसभरात तेवढी बुकिंगं झाली, तेव्हा तीच किंमत आणखी १०,००० जणांना दिली. किंमत वाढली ती पुढच्या फेब्रुवारीत. तुमची गाडीही अशा सुरुवातीच्या किमतीवर आली होती का, ते तेव्हाच्या बातम्यांमध्ये बघा. असेल, तर तुमचा बुकिंग क्रमांक त्या संख्येत बसतो की नाही हे कंपनीकडून लेखी मागा. इथे तुमच्या हातात खरोखरच काही लागू शकतं, कारण ते वचन कंपनीने स्वतः जाहीर केलेलं असतं.

आता तुम्ही काय करावं. बुकिंगच्या वेळचं ब्रोशर शोधा. कागदी नसेल तर व्हॉट्सॲपवर सेल्समनने पाठवलेली पीडीएफ असेल. जुनं आणि नवं शेजारी ठेवून एकेक ओळ ताडा: बॅटरी किती युनिटची, चार्जर गाडीबरोबर की वेगळा, एअरबॅग, वॉरंटीची वर्षं, मागचे व्हेंट. मग स्वतःला विचारा की या ६०,००० मध्ये जे जास्तीचं मिळतंय ते तुम्ही आपणहून घेतलं असतं का. मोठी बॅटरी मिळत असेल तर विचार करण्यासारखं आहे. दहा युनिट जास्त म्हणजे रोजच्या वापरात साधारण ६०-७० किलोमीटर जास्त, आणि पुढे विकतानाही त्याला मोल असतं. पण पैसे सनरूफ, अलॉय आणि रंगीत दिव्यांचे असतील तर मी तरी देणार नाही.

६०,००० हा आकडा कर्जात कसा फुगतो तेही बघा. ९ टक्के व्याज आणि सात वर्षं धरली तर महिन्याला सुमारे ९६५ रुपये, एकूण ८१,००० च्या घरात. किंमत दहा लाखांच्या वर गेली तर पूर्ण रकमेवर १ टक्का टीसीएस, म्हणजे शोरूमने आपल्याकडून घेऊन सरकारकडे भरायचा आगाऊ आयकर, लागतो. तो आयकर विवरणात परत मिळतो, पण आत्ता खिशातून जातो. तुमचं कर्ज मंजूर झालेलं असेल तर नव्या कोटेशनवर फाईल पुन्हा फिरवावी लागेल, त्याचे आठ-दहा दिवस धरा. या गडबडीत शोरूमवाले विमा आणि ॲक्सेसरीज गळ्यात मारतात. विमा कुठून घ्यायचा हे ठरवायचा हक्क तुमचा आहे. हे आमच्या टेबलावर रोज सांगावं लागतं.

शोरूमशी बोला, पण लिहा मात्र कंपनीच्या ग्राहक सेवेला, शोरूमला प्रत ठेवून. बुकिंग क्रमांक, तारीख, भरलेली रक्कम, बुक केलेलं व्हेरिएंट, आणि सेल्समनने डिलिव्हरीची सांगितलेली तारीख. डिलिव्हरीला उशीर कंपनीकडून झाला असेल तर ते ठळकपणे मांडा: वेळेत गाडी मिळाली असती तर जुन्या किमतीतच मिळाली असती. मागणी एकच ठेवा. एकतर जुन्या किमतीत वरचं व्हेरिएंट, नाहीतर एक रुपयाही न कापता पैसे परत. सात दिवसांची मुदत द्या. उत्तर नाही आलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात काही पैसे भरून उरलेले द्यायचं कबूल केलेला माणूसही ग्राहकच धरला आहे, त्यामुळे "तुम्ही अजून गाडी घेतलेलीच नाही" हे कुणाचंही ऐकून घेऊ नका. जिल्हा ग्राहक आयोगात तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही.

उत्तर येईपर्यंत बुकिंग रद्द करू नका. रद्द केलंत की रांगेतली जागा आणि बोलायचा आधार दोन्ही जातं. त्याच वेळी दुसऱ्या गाड्या बघायला मात्र आजच सुरुवात करा. आम्ही ती सात महिने केली नाही, आणि मला अजून हळहळ वाटते ती त्याचीच.

आमच्या मेलला पहिलं उत्तर नुसतंच आभाराचं आलं. दुसऱ्या मेलमध्ये मी दोन्ही ब्रोशरची पानं जोडली, मागच्या व्हेंटच्या ओळीवर पेनाने गोल करून. व्हेंट मिळाले नाहीत, पण ३८ दिवसांनी पूर्ण रक्कम खात्यात आली. जानेवारीत शोरूममध्ये तयार उभी असलेली दुसऱ्या कंपनीची गाडी घेतली. आई आधी मागे बसून आली, तोंडावर वारा येतो का ते बघितलं, आणि मगच मी सही केली.

तुमच्या पावतीची तारीख, व्हेरिएंटचं नाव आणि तेव्हा सांगितलेली डिलिव्हरीची तारीख इथेच खाली लिहा. बुकिंग क्रमांक आणि फोन नंबर लिहू नका. मेलचा मसुदा मी आज रात्री करून देतो.