तुतारीला सात सूर मागू नयेत
वाचकांचे प्रश्न : खेळांचे संगीत आणि जुनी वाद्ये

व्हिडिओ गेमसाठी संगीत रचणाऱ्या, किंवा रचू पाहणाऱ्या तरुण वाचकांची पत्रे या सदराकडे आता नियमाने येऊ लागली आहेत. जुनी वाद्ये आणि ऐतिहासिक नाद यांविषयी आलेली काही पत्रे या अंकात संक्षेपाने घेतली आहेत.

प्रश्न : आम्ही काही विद्यार्थी मिळून पन्हाळ्याच्या १६६० च्या वेढ्यावर मोबाइलसाठी एक गेम तयार करत आहोत. संगीताचे काम माझ्याकडे आहे. तुतारीची धून आणि तिच्या साथीला तबला व हार्मोनियम अशी रचना मी कीबोर्डवर केली, परंतु ऐकणारे म्हणतात की हे टीव्हीवरील मालिकेच्या शीर्षकगीतासारखे वाटते. नेमके कुठे बिनसते आहे? — एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ऐकणाऱ्यांचे कान तयार आहेत. आपण घेतलेल्या तीन वाद्यांपैकी दोन त्या काळी अस्तित्वातच नव्हती. हार्मोनियम हे एकोणिसाव्या शतकातील युरोपीय वाद्य असून, मांडी घालून एका हाताने भाता हलवत वाजवण्याचे त्याचे भारतीय रूप कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास आणले. तबलाही अठराव्या शतकात पुढे आला. म्हणून ही दोन्ही काढून टाकावीत. मात्र तेवढ्याने प्रश्न सुटणार नाही, कारण खरी अडचण उरलेल्या तिसऱ्या वाद्यात, म्हणजे तुतारीत आहे.

तुतारीला बोटांनी झाकायची छिद्रे नसतात. ओठांचा ताण आणि फुंकीचा जोर बदलून वादक स्वर बदलतो, आणि त्या नळीतून निसर्गक्रमाने जे स्वर निघतात तेवढेच त्याच्या हाती असतात : ढोबळ मानाने षड्ज, त्याच्या वरचा षड्ज, पंचम, पुन्हा षड्ज, मग गंधार. खालच्या भागात हे स्वर एकमेकांपासून दूर असतात आणि वर जावे तसे जवळ येतात, पण तिथपर्यंत पोहोचायला छातीत दम लागतो. शिवाय त्या गंधाराची जागा कीबोर्डवरील गंधाराहून सुमारे १४ सेंट खाली असते, आणि पुढे येणारा सातवा स्वर कीबोर्डच्या कोमल निषादाहून ३१ सेंट उतरलेला असतो (कीबोर्डच्या लगतच्या दोन पट्ट्यांत १०० सेंटचे अंतर असते). आपण कीबोर्डवर तुतारीचा आवाज लावून सारेगमपधनी या क्रमाने धून वाजवलीत, तेव्हा आवाज तुतारीचा राहिला, पण वागणूक क्लॅरिनेटची झाली. जुन्या वाद्याची ओळख त्याला काय येते यापेक्षा काय येत नाही यावरून पटकन होते, आणि जाणकार श्रोता नेमका तिथेच अडखळतो.

तेव्हा तुतारीकडे धून देऊच नये. खालच्या षड्जावरून पंचमावर घेतलेली उठावण, वरचा षड्ज गाठून धरलेला दम आणि श्वास संपताना किंचित ढासळणारा शेवट, एवढे तिच्याकडे ठेवावे आणि तो ढासळणारा शेवट संगणकावर दुरुस्त करू नये. धून हवी असल्यास ती सनईकडे द्यावी. सनईची जिव्हाळी, म्हणजे कंप पावणारी पाती, ओठांत असल्याने तिच्यावर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणे, साधते, आणि साथीला अखंड आधारस्वर देणारा 'सूर' घेतला की नगारखान्याचा पोत आपोआप तयार होतो. कथन हवे असेल तर पोवाडा आहेच. अफझलखानाच्या १६५९ मधील वधावर अगिनदासाने रचलेला पोवाडा आज उपलब्ध असलेल्या पोवाड्यांत सर्वांत जुना मानला जातो. त्याचे शब्द हाती आहेत, पण चाल स्वरलिपीत उतरलेली नाही, त्यामुळे आजची गाजलेली चाल घेऊन तिला शिवकालीन म्हणणे टाळावे. डफ, तुणतुणे आणि शाहिराला मागून साथ देणाऱ्या झीलकऱ्यांची 'जी जी' एवढ्या साहित्यावर आपली चाल बांधणे अधिक प्रामाणिक ठरेल.

आणखी एक गोष्ट प्रसंगाची. गडावर नगारा आणि तुतारी मुख्यतः इशाऱ्यासाठी आणि मानासाठी वाजत, पाठीमागे सतत चालू राहण्यासाठी नव्हे. गेममध्ये दरवाजा उघडला, पहारा बदलला, शत्रूची तुकडी दिसली, अशा घटनांना ती बांधावीत. महाराज वेढ्यातून निसटले ती रात्र तर आषाढातील, पावसाची. अशा हवेत कातडे ओल धरते, ताण उतरतो आणि चर्मवाद्य बद्द बोलू लागते. त्या प्रवेशात कोरडा, टणटणीत ढोल वाजला तर तो उन्हाळ्यातला ढोल होईल. मी आपल्या जागी असतो तर तिथे पाऊस, चिखलातील पावले आणि दुरून येणारा एखादा उतरलेला नगारा, एवढ्यावरच थांबलो असतो.

प्रश्न : माझ्या गेमची कथा शिलाहारांच्या काळात, खिद्रापूरच्या परिसरात घडते. त्या काळच्या मंदिरांच्या शिल्पांत वादक दिसतात. त्यांवरून संगीत रचता येईल का? आणि इतर देशांतील लोक दोन-तीन हजार वर्षांपूर्वीचे संगीत 'जसेच्या तसे' वाजवतात असे ऐकतो, ते खरे असते का? — एक वाचक, कुरुंदवाड

उत्तर : शिल्पावरून पुष्कळ कळते, पण सगळे नाही. वाद्याचा आकार वादकाच्या शरीराशी ताडून पाहिला तर तो आवाज ढाला होता की उंच याचा अंदाज येतो. हात कुठे पडतो, वादक उभा आहे की बसलेला, शेजारी नर्तकी आहे की स्वारी, यांवरून जोर आणि प्रसंग कळतो. तार कशाची होती, ती कोणत्या स्वराला लावली होती, लय काय होती, हे दगड सांगत नाही. शिवाय मूर्तिकार पुष्कळदा समोरचे वाद्य न पाहता परंपरेने चालत आलेली आकृती कोरतो, हेही ध्यानात ठेवावे.

आपले भाग्य असे की त्या काळासाठी दगडाच्या जोडीला ग्रंथ उपलब्ध आहे. १२१२ च्या सुमारास देवगिरीच्या सिंघण यादवाने शिलाहार राजा दुसरा भोज याचा पराभव करून पन्हाळा घेतला, आणि त्याच सिंघणाच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्याचा सहावा अध्याय सबंध वाद्यांचा आहे : तंतुवाद्ये, फुंकीची वाद्ये, चर्मवाद्ये आणि टाळ-घंटांसारखी घनवाद्ये. एकतंत्री, पडदे असलेली किन्नरी, पटह, हुडुक्का, काहल यांची वर्णने त्यात आढळतात. खिद्रापूरच्या आसपासच्या कथेसाठी याहून जवळचा साक्षीदार मिळणे कठीण. मात्र आपली कथा हजार वर्षे मागे नेली तर ही यादी बदलावी लागेल. समुद्रगुप्ताच्या नाण्यावर राजाच्या मांडीवर जी वीणा आहे ती धनुष्यासारखी वाकलेली, पडदे नसलेली आहे. त्या जातीचे वाद्य आपल्याकडून बहुतांशी लोपले असले, तरी ब्रह्मदेशात 'सौंग' या नावाने ते आजही वाजते. गुप्तकाळाच्या दृश्याला पडद्यांची सरस्वती वीणा लावणे म्हणजे पुन्हा हार्मोनियमचाच प्रकार.

आता 'जसेच्या तसे' याविषयी. चीनच्या हूपे प्रांतात १९७८ मध्ये त्सेंगच्या राजाच्या थडग्यातून ६५ कांस्य घंटांचा संच निघाला. तो इ. स. पूर्व ४३३ च्या सुमाराचा. एकाच घंटेवर मध्यभागी आणि कडेला आघात केल्यास दोन निरनिराळे स्वर निघतात, आणि कोणता स्वर कुठे, हे घंटेवरच कोरलेले आहे. इथे वाद्य आणि त्याचे स्वर दोन्ही हाती आले, पण रचना नाही. सध्याच्या तुर्कस्तानात सापडलेल्या सेकिलोसच्या स्मृतिशिलेवर याच्या उलट आहे : ग्रीक शब्द आणि त्यांवर स्वरचिन्हे असे छोटे पण पूर्ण गीत आहे, वाद्य नाही. स्कॉटलंडमध्ये डेस्कफर्डला १८१६ च्या सुमारास कार्निक्स या रणशिंगाचे केवळ जनावराच्या मुखाच्या आकाराचे तोंड मिळाले, आणि त्यावरून १९९० च्या दशकात सबंध वाद्य घडवून वाजवण्यात आले. या प्रत्येक ठिकाणी एक दुवा पुरावा म्हणून उभा आहे आणि दुसरा कारागिराने किंवा वादकाने तर्काने भरला आहे. 'जसेच्या तसे' हा शब्द जाहिरातीत शोभतो. आपल्या गेमच्या माहितीपानावर कोणते वाद्य शिल्पावरून, कोणते ग्रंथावरून आणि कोणती चाल आपली स्वतःची, हे तीन ओळींत लिहावे. खेळणाऱ्यांना त्याचे कुतूहल असते.

जागेचा नाद मात्र आपल्याला खरोखरच मिळवता येईल. खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिराचा स्वर्गमंडप ४८ खांबांवर उभा असून मध्यभागी छताला वर्तुळाकार आकाश आहे, त्यामुळे तिथे आवाज वर निघून जातो. आतल्या बंदिस्त सभामंडपात तो घुमत राहतो. पुरातत्त्व खात्याची परवानगी घेऊन दोन्ही ठिकाणी स्पीकरवरून खर्जापासून तारापर्यंत चढत जाणारा ध्वनी वाजवावा आणि त्याचा प्रतिनाद मुद्रित करावा. कन्व्होल्यूशन रिव्हर्ब या पद्धतीने तोच प्रतिनाद मग स्टुडिओत वाजवलेल्या बासरीवरही चढवता येतो.

प्रश्न : गेममध्ये शत्रू केव्हा समोर येईल हे ठरलेले नसते. शांत संगीतातून एकदम लढाईच्या संगीतात गेले की ठेका तुटल्यासारखा वाटतो. तालबद्ध संगीतात हे कसे सांभाळावे? — एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : खासबाग मैदानात कुस्ती पाहायला गेलात, तर हलगीवाल्याकडे लक्ष द्यावे. त्याची नजर वाद्यावर नसते, आखाड्यावर असते. खडाखडी चालू असताना ठेका सैल चालतो, पकड बसली की घट्ट होतो, आणि पैलवान चितपट होण्याच्या बेतात आला की हलगी, घुमके हे चर्मवाद्य आणि कैताळ हे झांजेसारखे वाद्य मिळून एकच कल्लोळ उठतो. गेमच्या संगीताला जे करायचे असते ते हा माणूस कोणत्याही सॉफ्टवेअरशिवाय करतो, आणि तो ते दोन वेगळ्या रचना बदलून करत नाही. ठेका एकच ठेवून त्यावर भर घालत जातो.

आपणही तसेच करावे. एकाच लयीत आणि एकाच आवर्तनात बसणारे थर स्वतंत्र मुद्रित करावेत : तळाला तंबोऱ्याचा किंवा सनईच्या सुराचा आधार, त्यावर घुमक्याचा मोकळा ठेका, त्यावर हलगी, सर्वांत वर कैताळ. एफमॉड किंवा वाइज या गेममधील आवाज हाताळणाऱ्या प्रणालींत हे सर्व थर एकाच वेळी चालू ठेवून धोका वाढेल तसा एकेक वर आणता येतो. रचनाच बदलायची असेल तर ती समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, बदलावी. मिनिटाला ९६ मात्रांची लय ठेवली, तर आठ मात्रांचे आवर्तन बरोबर ५ सेकंदांचे होते. म्हणजे खेळणाऱ्याला जास्तीत जास्त ५ सेकंद थांबावे लागेल. तेवढा वेळही जड वाटल्यास शत्रू दिसताक्षणी तुतारीची एक आरोळी ताल न पाहता सोडून द्यावी. ती तालात नसली तरी खटकत नाही, कारण इशारा कधी तालात येत नसतो, आणि तिच्या आडोशाने खालची सम येईपर्यंत वेळ निघून जातो. तिहाई, म्हणजे तीनदा वाजवून समेवर संपवलेला तुकडा, मोहक वाटते, पण ती बेतानेच वापरावी. तासाभराच्या खेळात तीच तिहाई पुनःपुन्हा ऐकली की तिचा वीट येतो.

लूप कापताना शेवटच्या आघाताची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, कापू नये. ती पुढच्या आवर्तनावर चढू द्यावी, नाहीतर दर ५ सेकंदांनी कुणीतरी दार लावल्यासारखे ऐकू येते.

प्रश्न : तयार 'प्राचीन' ध्वनिसंच विकत मिळतात. ते घ्यावेत की गावातल्या वादकांकडून वाजवून घ्यावे? आणि वाजवून घेतले तर हक्क कोणाचे? — एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : तयार संच घाईच्या कामाला ठीक आहेत, पण त्यांत आपल्या भागातील वाद्ये थोडी आणि सर्वांना एकच रंग देणारी जर्दाळूच्या लाकडाची आर्मेनियन दुदुक फार. वाळवंट असो वा सह्याद्री, जुना काळ दाखवायचा की ती दुदुक रडू लागते. मला तिचा कंटाळा आला आहे, हे इथे नमूद करून ठेवतो.

वादक हाताशी असताना वाजवून घेणे केव्हाही चांगले. हलगी मुद्रित करायची असेल तर ती शेकायला वेळ आणि जागा द्यावी. शेकलेले कातडे निवत जाते तसा स्वर उतरतो, त्यामुळे सगळे हळू आघात आधी आणि सगळे जोरकस शेवटी असे घेऊ नये. प्रत्येक बोलाचे हळू, मध्यम व जोरकस आघात एका शेकणीत पुरे करून पुन्हा शेकावी. प्रत्येक बोल अनेकदा घ्यावा, म्हणजे गेममध्ये तोच आघात यंत्रासारखा उमटत नाही. ४८ किलोहर्ट्‌झ आणि २४ बिट एवढी गुणवत्ता पुरेशी आहे. संबळ घेताना तो लढाईच्या दृश्याला लावणार असल्याचे गोंधळी वादकाला आधीच सांगावे. देवीच्या विधीतील ठेका तिथे वाजवायला तो नकार देईल, तर तो नकार मानावा आणि दुसरा ठेका मागावा.

हक्कांचे म्हणाल, तर पारंपरिक चाल कोणा एकाची नसते, पण ध्वनिमुद्रण आणि सादरीकरण यांना १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे संरक्षण आहे : ध्वनिमुद्रणाला ६० वर्षे आणि कलावंताच्या सादरीकरणाच्या हक्काला ५० वर्षे. म्हणून एखाद्या जत्रेत मोबाइलवर टिपलेला ढोल परस्पर गेममध्ये घालू नये. वादकाशी मराठीतच साधा करार करावा. त्यात गेमचे नाव, आवाजाचे तुकडे करून वापरण्याची आणि पुढच्या आवृत्तीत पुन्हा वापरण्याची परवानगी, श्रेयनामावलीत त्याचे नाव कसे लिहायचे, आणि गेम विकला गेल्यास वेगळी रक्कम द्यायची की नाही, हे स्पष्ट लिहावे. मानधन मुद्रणाच्या दिवशीच हातात द्यावे आणि कराराची एक प्रत वादकाकडे ठेवावी.