दिवसभर शिव्या वाचायला पगार कोण देतं?

(साक्री तालुक्यातून एका वडिलांचं पत्र आलंय. स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. मुलगी धुळ्याला टी.वाय.बी.ए.ला, मराठी स्पेशल. पुढे एमपीएससी, नाहीतर बी.एड., असं घरात ठरलेलं. आता ती म्हणते, ‘सोशल मीडियावर द्वेष पसरू नये म्हणून काम करणारे तज्ज्ञ असतात, मला त्यांच्यात जायचंय.’ वडिलांचे तीन प्रश्न आहेत: असं काम खरंच असतं का, मराठी घेतलेल्या मुलीला तिथं कोण विचारणार, आणि दिवसभर शिव्या वाचायला पगार कोण देतं?)

गुरुजी, नमस्कार.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं. ‘राईनपाड्याचं झालं तेव्हा ती आठवीत होती, पुढे कितीतरी दिवस आम्ही तिला बाजाराला नेत नव्हतो.’ तुम्ही ते ओघात लिहिलंय. मुलीच्या हट्टाचं मूळ मला तिथंच दिसतं.

१ जुलै २०१८, रविवार, आठवडे बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी. मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा मोबाईलवरून त्यांच्या आधीच गावोगाव पोचलेली. राईनपाड्यात जमावानं त्या पाचांचा जीव घेतला. ते तुमच्याच तालुक्यातलं, मी तुम्हाला काय सांगणार. मात्र त्या काळात देशभर फिरलेल्या एका व्हिडिओबद्दल सांगते. मोटरसायकलवरून दोघं येतात, गल्लीत खेळणारं पोर उचलतात आणि पसार होतात. तो व्हिडिओ मुळात कराचीतल्या एका जनजागृतीच्या जाहिरातीचा तुकडा होता. मूळ जाहिरातीत तेच दोघं मागे फिरून पोराला परत सोडतात आणि ‘मूल उचलायला एक क्षण पुरतो, लक्ष ठेवा’ अशा अर्थाचा फलक दाखवतात. कुणीतरी शेवटचे हे काही सेकंद कापले. बाकी काही खोटं बनवावं लागलंच नाही.

ते कापलेले सेकंद शोधून काढून लोकांपुढे ठेवणं हे एक काम. ‘अल्ट न्यूज’ किंवा मुंबईतलं ‘बूम’ ही मंडळी तेच करतात, त्याला फॅक्ट-चेकिंग म्हणतात. पण दुसरंही एक काम आहे आणि ते सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. व्हॉट्सअॅपचे मेसेज कंपनीलाही वाचता येत नाहीत, त्यामुळे वाईट मेसेज निवडून काढून टाकण्याचा मार्गच तिथं बंद. मग करायचं काय? जुलै २०१८मध्येच पुढे ढकललेल्या मेसेजवर ‘फॉरवर्डेड’ अशी पाटी लागायला लागली, आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आली. जानेवारी २०१९मध्ये तीच मर्यादा जगभर लागू झाली. एप्रिल २०२०पासून, जो मेसेज आधीच खूप हातांतून गेलाय तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. मजकुराला हात न लावता त्याची चाल मंद करायची, हा विचार पगारी नोकरीवर बसून कुणीतरी केलेला आहे. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर म्हणून एवढं पुरे. असं काम असतं, आणि ते नुसतं खोडरबर घेऊन बसण्याचं नाही.

आता तुमची खरी भीती. ती खोटी नाही, आणि ‘मुलीच्या स्वप्नांना पंख द्या’ छापाचं उत्तर मी देणार नाही.

या क्षेत्राचा सगळ्यात रुंद दरवाजा म्हणजे कंटेंट मॉडरेटर. जाहिराती ‘ट्रस्ट अँड सेफ्टी’ या नावाखाली निघतात, काम बहुतेक वेळा मोठ्या कंपनीच्या कंत्राटदाराकडे असतं, शिफ्ट रात्रीचीही लागते आणि पगार कॉल सेंटरच्या जातकुळीतला. माझ्याकडे सल्ल्याला आलेला एक मुलगा हैदराबादला दीड वर्ष हे करत होता. स्क्रीनवर तक्रार आलेली एक पोस्ट, बाजूला पर्याय: राहू द्या, काढा, वरच्याकडे पाठवा. निर्णय झाला की लगेच पुढची. किती पोस्ट पाहिल्या हे मोजलं जातं आणि किती निर्णय चुकले हेही. तो म्हणाला, ‘मॅडम, शिव्यांचं दोन आठवड्यांत काही वाटेनासं होतं. व्हिडिओंचं होत नाही. आवाज बंद करून, चित्र काळं-पांढरं करून बघायला आम्ही एकमेकांना शिकवलं.’ सुट्टीत घरी आला तर बहिणीच्या बाळाचे व्हिडिओसुद्धा तो आवाज बंद करूनच बघायचा, हे त्याच्या आईनं मला सांगितलं.

हा एकट्याचा अनुभव नाही. अमेरिकेत फेसबुकच्या मॉडरेटरनी याच कारणासाठी दावा लावला, आणि २०२०मध्ये कंपनीनं ५ कोटी २० लाख डॉलरची भरपाई मान्य केली. १० हजारांहून जास्त माणसं त्यात होती. तेव्हा या दरवाजातून आत जायचं असेल तर वर्षभराच्या बोलीवर आणि समुपदेशकाची सोय आहे का हे मुलाखतीतच विचारून. मुक्कामाची ही जागा नव्हे.

‘मराठीच्या मुलीला कोण विचारणार’ हा तुमचा प्रश्न मात्र मला उलटा वाटतो. आधी म्यानमारचं सांगते. २०१५च्या सुरुवातीला फेसबुककडे बर्मी भाषा वाचून तक्रारी तपासणारी माणसं दोन होती. संपूर्ण देशासाठी दोन. ऑगस्ट २०१७नंतर तिथले सात लाखांवर रोहिंग्या मुस्लिम हिंसाचारामुळे देश सोडून बांगलादेशात गेले. द्वेष पसरवायला फेसबुक कसं वापरलं गेलं, हे संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन पथकानं २०१८मध्ये नोंदवलं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात आपण पुरेसं काही केलं नाही अशी कबुली खुद्द कंपनीनं दिली. तिथं यंत्रं कमी होती असं नाही. भाषा जाणणारी माणसं नव्हती.

आता आपल्या भाषेकडे या. ‘पाणी पाजायची वेळ आली’ हे वाक्य घ्या. कुस्तीच्या फडाखाली कुणी लिहिलं तर पैलवानाला जोर चढेल. दोन समाजांत ताण असलेल्या गावाच्या ग्रुपवर तेच वाक्य धमकी होतं. आणि शब्दशः वाचणाऱ्या यंत्राला ती पाणपोई वाटेल. ‘जागा दाखवून द्या’ यात एकही शिवी नाही. घोड्यावरून निघालेल्या नवरदेवाच्या वरातीच्या फोटोखाली ते आलं, की कुणाला कुठली जागा दाखवायची आहे हे तुम्हाला-मला सांगावं लागत नाही. उलट बाजूनंही हेच. जातीचं नाव दिसलं की मजकूर उडवायचा असा नियम केला, तर चोखोबांचे जोहाराचे अभंग उडतील. आपल्यावरचा अन्याय स्वतःच्या शब्दांत सांगणाऱ्या बाईची पोस्टही उडेल. शिवी देणारा मात्र अक्षरांच्या मध्ये एक टिंब टाकून निसटेल. त्यात भर म्हणजे आपण निम्मी मराठी रोमन लिपीत लिहितो, प्रत्येकाचं स्पेलिंग निराळं. आणि तुमच्या भागातली अहिराणी? ती तर या यंत्रांना मराठीही वाटत नाही आणि हिंदीही.

कुठला शब्द कुठं, कुणाच्या तोंडी, कुणाला लागतो, हे ज्यांना कळतं त्यांचं इथं काम आहे. सुरुवात झालेलीही आहे. २०२१मध्ये ‘हासोक’ या संशोधकांच्या स्पर्धेत इंग्रजी-हिंदीसोबत मराठी घेतली गेली. २०२२मध्ये पुण्याच्या ‘एलथ्रीक्यूब’ गटानं २५ हजारांहून जास्त मराठी ट्वीटचा ‘महाहेट’ नावाचा संच तयार केला. त्यात प्रत्येक ट्वीट वाचून हे द्वेषाचं, हे नुसतं अपमानाचं, हे अश्लील, हे निरुपद्रवी अशी चिठ्ठी लावलेली आहे. त्याच वर्षी ‘टॅटल’ आणि ‘सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी’ यांनी ‘उली’ नावाचं साधन आणलं. ब्राउझरमध्ये ते बसवलं की बाईला येणाऱ्या शिव्या तिच्या पडद्यावर झाकल्या जातात. हिंदी, तमिळ आणि इंग्रजी शिव्यांच्या याद्या त्यासाठी केल्या, त्या ज्यांना असल्या शिव्या खाव्या लागतात त्यांनाच सोबत घेऊन. हे सगळं भाषेचं काम आहे, गुरुजी. संगणकवाल्यांना ते एकट्यानं जमत नाही.

म्हणून माझा कौल: बी.ए.नंतर भाषाविज्ञानात एम.ए. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात ते आहे, कोणत्याही शाखेच्या पदवीवर अर्ज करता येतो. जोडीला दोन वर्षांत पायथन ही संगणकाची भाषा आणि जुजबी संख्याशास्त्र शिकून घ्यावं. इंजिनिअर व्हायचं नाहीये, इंजिनिअरशी बोलता आलं पाहिजे एवढंच. आणि तुमच्या जिवाला शांतता म्हणून सांगते, याच एम.ए.वर भाषाविज्ञानाची नेट देता येते, म्हणजे प्राध्यापकीची वाट बंद होत नाही.

दुसरा पर्याय कायद्याचा. सीईटी देऊन तीन वर्षांचं एलएल.बी. द्वेष आणि टीका यांच्यातली रेघ कुठं मारायची, हा प्रश्न शेवटी कोर्टातच जातो, आणि आपल्या राज्याला तो जवळून माहीत आहे. २०१२मध्ये मुंबई बंद राहिल्याबद्दल फेसबुकवर लिहिलं म्हणून पालघरच्या एका मुलीला अटक झाली, आणि ते लाईक केलं म्हणून तिच्या मैत्रिणीला. त्यानंतर श्रेया सिंघल ही तरुणी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २४ मार्च २०१५ला माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ६६ अ, म्हणजे ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ लिहिण्याला गुन्हा ठरवणारं कलम, रद्द झालं. ‘द्वेष रोखतो’ म्हणत नको ती तोंडं बंद करणारेही असतात, हे या क्षेत्रात जाणाऱ्या प्रत्येकानं पहिल्याच दिवशी शिकावं. मुलीला हे प्रकरण नीट वाचायला सांगा. नोकरीच्या दृष्टीनं बघाल तर २०२१च्या नियमांनुसार ५० लाखांवर सदस्य असलेल्या कंपन्यांना भारतात राहणारा तक्रार अधिकारी नेमावा लागतो. तक्रारीची पोच २४ तासांत द्यायची आणि नियमात ठरलेल्या मुदतीत तिचा निकाल लावायचा. त्या कचेऱ्यांत कायदा आणि देशी भाषा दोन्ही येणारी माणसं लागतात.

फॅक्ट-चेकिंगबद्दल थोडक्यात. काम सुंदर, पण पैशाचा झरा दुसऱ्याच्या विहिरीतला. जानेवारी २०२५मध्ये मेटानं, म्हणजे फेसबुक-व्हॉट्सअॅपच्या मालक कंपनीनं, अमेरिकेतला आपला फॅक्ट-चेकिंगचा कार्यक्रम गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. उद्या इथं काय होईल ते मार्क झुकरबर्गच्या मर्जीवर. पत्रकारितेचं दुसरं अंग हातात असेल तरच तिकडं वळावं.

आणि तुमची एमपीएससी. ती या स्वप्नाच्या आड येते असं तुम्ही दोघांनी का धरून चाललाय? पोलिसांत सायबर विभाग आहे. भारतीय न्याय संहितेतलं कलम १९६, म्हणजे जुन्या दंडसंहितेचं १५३ अ, समाजासमाजांत वैर पेटवणाऱ्याला लागतं, आणि ते लावताना पोस्ट नीट वाचता येणारी अधिकारी असली तर बरंच होईल. फक्त बदली आपल्या हातात नसते. सायबरला नेमणूक होईल या भरवशावर परीक्षा देऊ नये.

निर्णय लगेच नको. दिवाळीच्या सुट्टीत तिला एक काम द्या. एखाद्या मराठी बातमीखालच्या दोनशे कमेंट्स तिनं वहीत उतरवायच्या, लिहिणाऱ्यांची नावं सोडून. मग तिनं आणि तिच्या मैत्रिणीनं वेगवेगळं बसून प्रत्येक कमेंटपुढे लिहायचं: द्वेष, नुसता उद्धटपणा, की काहीच नाही. एकमेकींची वही आधी बघायची नाही. नंतर ताळा करायचा. पन्नास-साठ ठिकाणी तरी दोघींचं जुळणार नाही असा माझा अंदाज. ती न जुळलेली ठिकाणं घेऊन वाद घालायचा आणि दोन-दोन ओळींचा नियम लिहायचा. महाहेटसारखा संच तयार करणाऱ्यांचं काम जवळपास असंच चालतं, फक्त दोनशेच्या जागी हजारो. या वादात ती रमली, जेवायला हाक मारली तरी उठेना, तर समजा गाडी रुळावर आहे. आणि आठवडाभरात झोप उडाली, चिडचिड वाढली, तर तेही आत्ताच कळलेलं बरं. त्यावरून तिला नावं ठेवू नका.

शक्य असेल तर पंचवीसेक कमेंट्स अहिराणीतल्या असू द्या, तिथं तुम्हीही तिसरे परीक्षक म्हणून बसू शकाल. हे पत्र तिलाही वाचायला द्या. वही भरली की न जुळलेल्या पानांचे फोटो तिनं स्वतः मला पाठवावेत, तुमच्यामार्फत नको.