पॅक-मॅन कुठून सुरू करू?

पॅक-मॅन म्हणजे चक्रव्यूहात ठिपके खात भुतांना चुकवायचा व्हिडिओ गेम. सुरुवात १९८०च्या मूळ पॅक-मॅननेच कर, पण त्यात अडकून राहू नकोस. त्यातली भुतं ठरलेल्या नियमांनीच चालतात, त्यामुळे एक वाट पाठ झाली की तीच पुन्हा चालते. चक्रव्यूहाच्या कडेच्या बोगद्यात भुतांचा वेग कमी होतो, तुझा होत नाही. मागे लागली की सरळ तिकडे वळ.

मग १९८२ची मिस पॅक-मॅन घे. माझ्या मते सगळ्यांत सरस हीच. एकाऐवजी चार चक्रव्यूह, फळं जागेवर न थांबता फिरतात आणि भुतांच्या चालीत थोडा यादृच्छिकपणा आहे. पाठांतर इथे कामाला येत नाही, नजर लागते. फक्त २०२२च्या 'पॅक-मॅन म्युझियम प्लस' या संग्रहात ती नाही, तेव्हा तिच्यासाठी तो विकत घेऊ नकोस.

सुपर पॅक-मॅनमध्ये किल्ल्या खाऊन दारं उघडायची असतात. एकदा खेळून बघ, पुरे.

पैसे मात्र २०१०च्या 'चॅम्पियनशिप एडिशन डीएक्स'वर खर्च कर. झोपलेल्या भुतांजवळून गेलास की ती जागी होऊन रांगेने मागे लागतात. रांग भरपूर लांबू दे, मगच मोठी गोळी खा, म्हणजे थोडा वेळ तुलाच भुतांना खाता येतं.